समन्स आल्यावर नुसता नकार पुरत नाही

समजा, बांधाशेजारच्या शेतकऱ्याने तुमच्यावर निरंतर मनाईचा दावा लावला आहे. 'प्रतिवादी माझ्या वहिवाटीला हरकत करतो, त्याला मनाई व्हावी,' एवढीच त्याची मागणी. प्रत्यक्षात बांध कोरून तुमचे तीन गुंठे त्यानेच आपल्या गटात ओढून घेतले आहेत. तुम्ही वकील देता. कैफियतीत त्याचे प्रत्येक कथन नाकारले जाते आणि अतिक्रमण त्याचेच आहे हेही सविस्तर लिहिले जाते. मग तारखा पडत राहतात, मोजणी होते, साक्षी होतात आणि शेवटी न्यायालय त्याचा दावा खर्चासह फेटाळते. तुम्ही जिंकता, पण तीन गुंठे त्याच्याच ताब्यात राहतात. ते परत मिळावेत अशी मागणी तुमच्या कैफियतीत कुठेच नसते, म्हणून हुकूमनाम्यातही नसते. आता ताब्यासाठी नवा दावा, नवी कोर्ट फी, नवी साक्ष आणि पुन्हा तितकीच वर्षे.

दिवाणी न्यायालय मागितल्याशिवाय देत नाही. वादीचे म्हणणे खोडून काढणे ही एक गोष्ट आणि वादीकडून आपले काही येणे असेल ते मागणे ही दुसरी. पहिलीसाठी कैफियत असते आणि दुसरीसाठी प्रतिदावा. तालुक्याच्या न्यायालयांत कैफियती खंडीभर दाखल होतात. त्यांतल्या कितीतरींमध्ये प्रतिदाव्याचा मजकूर पुरेपूर असतो, फक्त मागणी नसते. ही चूक सर्वांत महाग पडते आणि ती टाळता येते, म्हणून हा लेख.

प्रतिदाव्याची तरतूद दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या आदेश ८ मध्ये, नियम ६-ए ते ६-जी यांत आहे. मूळ संहितेत ती नव्हती. १९७६ च्या दुरुस्तीने ती आली आणि १ फेब्रुवारी १९७७ पासून लागू झाली. त्याआधी संहितेत फक्त नियम ६ ची वजावट होती. कायद्याच्या दृष्टीने प्रतिदावा म्हणजे प्रतिवादीने वादीवर लावलेला दावाच. फरक एवढाच की तो त्याच प्रकरणात, त्याच न्यायाधीशांसमोर चालतो आणि दोन्हींचा निकाल एकत्र लागतो. तो वादीच्या दाव्याशी जुळणाराच असला पाहिजे असेही नाही. मनाईच्या दाव्यात पैशांचा किंवा वेगळ्या मिळकतीचा प्रतिदावा चालू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच स्पष्ट केले आहे. मात्र प्रतिदावा करणे सक्तीचे नाही. स्वतंत्र दावा लावण्याचा मार्ग तुम्हाला मोकळा असतो. कोणता मार्ग सोयीचा, हे ठरवायला वेळ मात्र थोडा मिळतो.

पहिले तीस दिवस

समन्स हातात पडल्यापासून ३० दिवसांत कैफियत द्यायची असते. न्यायालय कारणे नोंदवून ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. साध्या दाव्यांत ९० दिवसांची मर्यादाही अगदी लोखंडी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितले. पण त्या सवलतीवर विसंबून राहू नका. मुदत उलटली की 'विना कैफियत' असा आदेश होतो. तो रद्द करून घ्यायला अर्ज द्यावा लागतो, बहुधा खर्चही भरावा लागतो आणि तोवर तुमचे प्रकरण पहिल्याच पायरीवर अडखळलेले असते. दावा व्यापारी न्यायालयात असेल तर १२० दिवसांनंतर कैफियतीचा हक्कच संपतो. तिथे न्यायाधीशांच्या हाती सवलत देणे उरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठामपणे सांगितले आहे. कैफियतच नसेल तर तिच्यासोबतचा प्रतिदावाही गेला.

वकिलांकडे पहिल्यांदा जाल तेव्हा फक्त समन्स आणि दाव्याची नक्कल घेऊन जाऊ नका. वादीशी तुमचा जो काही व्यवहार झाला असेल त्याचे सगळे कागद न्या : करार, पावत्या, बँकेचा उतारा, नोटिसा, व्हॉट्सअॅपवरचे संदेश, सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा. दाव्याशी संबंध नाही असे वाटले तरी न्या. आणि स्वतःहून विचारा, "वकीलसाहेब, मला याच्याकडून काही मागता येईल का?" बहुतेक पक्षकार अंगावर आलेला दावा कसा परतवायचा एवढेच विचारतात. त्यामुळे तेवढेच काम होते.

या प्रश्नाचे उत्तर काढताना एक तारीख नीट पाहावी लागते : तुमच्या मागणीचे कारण कधी घडले? ते दावा लागण्यापूर्वी घडले असो वा नंतर, चालते. पण तुम्ही कैफियत देण्याआधी, किंवा कैफियतीची मुदत संपण्याआधी, ते घडलेले असले पाहिजे. कैफियत देऊन वर्ष झाल्यावर वादीने नवे अतिक्रमण केले तर त्यासाठी प्रतिदावा चालत नाही, नवा दावा लावावा लागतो.

वजावट आणि प्रतिदावा

पैशांच्या दाव्यात आणखी एक हत्यार असते, वजावट. वादी तुमच्याकडे पैसे मागतो आहे आणि त्याच्याकडून तुमचेही येणे आहे, तर तुमचे येणे त्याच्या मागणीतून वळते करा असे म्हणता येते. पण त्यासाठी रक्कम निश्चित असावी लागते. उधारीचे, उसनवारीचे, भाड्याचे पैसे निश्चित असतात. 'माझे नुकसान झाले, किती ते न्यायालयाने ठरवावे' ही रक्कम निश्चित नाही, तिच्यासाठी प्रतिदावाच करावा लागतो. शिवाय दोघांचे नाते तेच असावे लागते. वादी स्वतःच्या धंद्याचे पैसे मागत असेल, तर तो ज्या विश्वस्त संस्थेचा विश्वस्त आहे तिच्याकडचे तुमचे येणे त्यातून वळते करता येत नाही. वजावट पहिल्या सुनावणीलाच सांगायची असते, नंतर न्यायालयाची परवानगी लागते.

दोहोंतला खरा फरक मुदतीत आहे आणि इथे पक्षकाराचे अक्षरशः लाखो रुपये वाचतात किंवा बुडतात. मुदत कायदा, १९६३ चे कलम ३ म्हणते की वजावट ही वादीने दावा दाखल केला त्या दिवशी मागितली असे धरायचे. प्रतिदावा मात्र तुम्ही तो न्यायालयात प्रत्यक्ष मांडला त्या दिवशी दाखल झाला असे धरायचे. समजा, तुम्ही १० मार्च २०२२ रोजी एका व्यापाऱ्याला दोन लाख रुपये उसने दिले. उसनवारीची मुदत तीन वर्षे, म्हणजे १० मार्च २०२५ पर्यंत. त्याच व्यापाऱ्याने १ फेब्रुवारी २०२५ रोजी मालाच्या तीन लाखांसाठी तुमच्यावर दावा लावला. तुमची कैफियत २० एप्रिल २०२५ ला गेली. तीत दोन लाखांची वजावट मागितली असेल तर ती १ फेब्रुवारीची धरली जाईल आणि मुदतीत बसेल. त्याच रकमेचा प्रतिदावा केला असेल तर तो २० एप्रिलचा धरला जाईल आणि मुदतबाह्य ठरेल. पैसे तेच आणि कागदही तेच असताना फक्त मागणीचे नाव बदलल्याने निकाल उलटा होतो. तुमचे येणे वादीच्या मागणीपेक्षा मोठे असेल आणि मुदत शिल्लक असेल तर प्रतिदावा करा. मुदत निसटलेली असेल तर वजावटीने निदान वादीची मागणी तेवढ्यापुरती कापता येते का ते पाहा.

मुदतीचे दुसरे रूप साठेखताच्या वादांत दिसते. जमीनमालक साठेखत करून देतो, विसार घेतो, मग भाव चढतात आणि तो खरेदीखताला टाळाटाळ करतो. पुढे तोच न्यायालयात जाऊन साठेखत रद्द झाल्याचे जाहीर करून मागतो. खरेदीदार प्रतिवादी होतो, कैफियत देतो, साठेखत खरे आणि चालू आहे असे म्हणतो आणि थांबतो. त्याला हवे असते खरेदीखत. ते मिळण्यासाठी करारपूर्तीची मागणी लागते आणि तिची मुदत तीन वर्षे आहे : साठेखतात तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर मालकाने नकार दिल्याचे कळल्यापासून. मालकाची नकाराची नोटीस १२ ऑगस्ट २०२२ ला मिळाली, दावा डिसेंबर २०२३ मध्ये लागला, मार्च २०२४ मध्ये नुसती नकाराची कैफियत गेली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कोणाच्या तरी लक्षात आले, तर उशीर झालेला असतो. प्रकरणात अजून मुद्दे, म्हणजे न्यायालयाने ठरवायचे वादाचे प्रश्न, निघाले नसले तरीही. मूळ दावा चालू आहे म्हणून तुमची मुदत थांबत नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे.

असा प्रतिदावा करताना आपण आपल्या वाटची रक्कम देऊन खरेदीखत करून घ्यायला सतत तयार होतो आणि आजही आहोत, हे स्पष्ट लिहावे लागते आणि पुराव्याने दाखवावे लागते. ताबा हवा असेल तर ताबाही मागावा. करारपूर्ती मिळाली नाही तर विसाराची रक्कम परत मिळावी, ही पर्यायी मागणीही घालावी. विनिर्दिष्ट साहाय्य कायद्याचे कलम २२ सांगते की ती खास मागितल्याशिवाय देता येत नाही.

कोणते न्यायालय, किती फी

प्रतिदाव्याचे मूल्य न्यायालयाच्या मूल्यमर्यादेबाहेर जाऊन चालत नाही. महाराष्ट्रात दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांची मर्यादा पाच लाख रुपये आहे. वरिष्ठ स्तराला वरची मर्यादा नाही. मुंबईच्या शहर दिवाणी न्यायालयाची मर्यादा जानेवारी २०२४ पासून दहा कोटी झाली आहे. या रकमा वेळोवेळी बदलतात, म्हणून दाखल करतेवेळी तपासून घ्याव्यात.

उदाहरणार्थ, बंगल्याचे काम केलेल्या ठेकेदाराने उरलेल्या साडेतीन लाखांसाठी कनिष्ठ स्तर न्यायालयात दावा लावला आहे. तुमचे म्हणणे असे की स्लॅब गळतो आहे, दुरुस्तीला साडेसहा लाख लागले आणि ते त्याच्याकडून मिळाले पाहिजेत. हा प्रतिदावा त्या न्यायालयात बसत नाही. मग दोन मार्ग उरतात. पाच लाखांवरची मागणी सोडून द्यायची, आणि एकदा सोडली की ती कायमची सोडली. किंवा वरिष्ठ स्तर न्यायालयात स्वतंत्र दावा लावायचा आणि ठेकेदाराचा दावाही तिकडे वर्ग करून दोन्ही एकत्र चालावेत म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ खाली जिल्हा न्यायालयात अर्ज करायचा. दीड लाखासाठी दुसरी वाट धरायची की नाही, हा हिशेब ज्याचा त्याने करावा. कागदपत्रे भक्कम असतील आणि दुरुस्तीची पक्की बिले हातात असतील तर मी वरिष्ठ स्तराकडे जाईन. बिलेच नसतील, नुसता मिस्त्रीचा अंदाज असेल, तर पाच लाखांवर समाधान मानणे शहाणपणाचे.

मूल्याइतकाच विषयाचा अधिकारही पाहावा लागतो. जो विषय मुळातच त्या न्यायालयासमोर चालत नाही, तो प्रतिदाव्याच्या वाटेने आत आणता येत नाही.

प्रतिदाव्यावर दाव्याप्रमाणेच महाराष्ट्र न्यायालय फी कायद्यानुसार फी भरावी लागते. फी कमी पडली तर न्यायालय ती भरायला वेळ देते. तो वेळही दवडला तर प्रतिदावा नामंजूर होऊ शकतो. महिला पक्षकारांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायची : मालमत्ता, पोटगी, हिंसाचार आणि घटस्फोट यांच्या प्रकरणांत महाराष्ट्र शासनाने १९९४ च्या अधिसूचनेने स्त्रियांना न्यायालय फी माफ केली आहे. भावाने वडिलोपार्जित घरातून बाहेर काढण्यासाठी लावलेल्या दाव्यात बहीण हक्काचा प्रतिदावा करत असेल तर तिने ही माफी आपल्या कागदातच मागावी. फीच्या भीतीने मागणी सोडून दिलेल्या बायका आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि त्यांना हे कोणी सांगत नाही.

लिहावे कसे

नियम ६-बी प्रमाणे प्रतिदावा आहे हे ठळकपणे म्हणावे लागते. कैफियतीच्या ओघात कुठेतरी 'वादीनेच प्रतिवादीचे नुकसान केले आहे' असे लिहिलेले न्यायालय प्रतिदावा म्हणून वाचत नाही. कैफियत संपली की 'प्रतिदावा' असा वेगळा मथळा द्यावा आणि त्याखाली दावापत्रात जे जे लागते ते सगळे यावे : घडलेली हकीकत, दाव्यास कारण कोणत्या तारखेला घडले, मागणी मुदतीत कशी आहे, या न्यायालयाला अधिकार कसा आहे, मूल्यांकन आणि फी, आणि शेवटी विनंती. मिळकतीचा वाद असेल तर गट नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा द्या, आणि ज्या तुकड्याबद्दल वाद आहे त्याचे वर्णन वेगळे द्या. पडताळणी आणि शपथपत्र लागतेच. ज्यावर भिस्त आहे ते कागद यादीसह त्याच वेळी दाखल करा.

सुरुवातीच्या बांधाच्या प्रकरणात विनंती अशी लिहिता येईल : 'वादीने प्रतिवादीच्या गटातील, सोबतच्या नकाशात अ-ब-क-ड या अक्षरांनी दाखवलेल्या तीन गुंठे क्षेत्रावर केलेले अतिक्रमण दूर करून त्या क्षेत्राचा प्रत्यक्ष मोकळा ताबा वादीने प्रतिवादीस द्यावा, प्रतिदाव्याच्या तारखेपासून ताबा मिळेपर्यंत त्या क्षेत्राच्या उत्पन्नाबद्दल चौकशी होऊन रक्कम मिळावी, आणि यापुढे वादीने प्रतिवादीच्या वहिवाटीस हरकत करू नये अशी निरंतर मनाई व्हावी.' तीन वेगळ्या मागण्या, प्रत्येकीची हकीकत वर आलेली. मालकीवरून ताबा मागण्याला मुदत बारा वर्षांची असते, म्हणून अतिक्रमण कधी झाले ते शक्य तितके नेमके लिहा.

या प्रकारच्या वादात सगळे मोजणीवर येऊन ठरते. भूमी अभिलेख खात्याकडून झालेल्या मोजणीचा नकाशा प्रतिदाव्यासोबत असेल तर उत्तम. नसेल तर न्यायालय आयुक्त नेमून मोजणी करून घेण्यासाठी आदेश २६ खाली लवकर अर्ज द्या. खासगी मोजणीदाराच्या कागदावर अतिक्रमण सिद्ध करणे कठीण जाते. आणि मोजणीला दोन्ही गट मोजायला लावा. फक्त आपलाच गट मोजून आणलेला नकाशा उलटतपासात टिकत नाही.

वाटपाच्या दाव्यात मात्र गोष्ट वेगळी. तिथे प्रत्येक हिस्सेदार, नावाने प्रतिवादी असला तरी, वादीसारखाच असतो. आपल्या हिश्श्यापुरता त्याला प्रतिदावा करावा लागत नाही, हिस्सा वेगळा करून मागावा आणि त्यावरची फी भरावी. वादीने काही मिळकती दाव्यातून गाळल्या असतील तर त्या नावानिशी कैफियतीत सांगाव्यात.

उशीर झालाच तर

प्रतिदावा कैफियतीसोबत करणे हीच योग्य वाट. राहून गेलाच तर कैफियत दुरुस्तीचा अर्ज किंवा न्यायालयाच्या परवानगीने जादा कैफियत हे मार्ग आहेत. कधीपर्यंत? 'अशोक कुमार कालरा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने १९ नोव्हेंबर २०१९ रोजी याचे उत्तर दिले. कैफियतीनंतरचा प्रतिदावा मुळातच बंद नाही. पण मुद्दे निश्चित होईपर्यंतच ही सवलत, आणि तीही हक्क म्हणून मिळत नाही. उशीर का झाला, मागणी मुदतीत आहे का, वादीचे त्यात किती नुकसान, निकाल आणखी लांबेल का, प्रतिदावा मूळ वादाशी किती जुळतो, हे सगळे न्यायाधीश तोलतात. म्हणून अर्जात उशिराचे कारण मोघम लिहू नका. 'नजरचुकीने राहून गेले' या तीन शब्दांवर फार कमी अर्ज मंजूर होतात. अमुक कागद अमुक तारखेला हाती आला, हे पुराव्यासह लिहा. साक्षी सुरू झाल्यावर तर आशा जवळजवळ संपतेच.

मागणी वादीशिवाय दुसऱ्याकडे असेल तर

प्रतिदावा वादीविरुद्धच असावा लागतो. त्याच्यासोबत सहप्रतिवादीकडेही काही मागता येते, पण फक्त सहप्रतिवादीविरुद्धचा प्रतिदावा चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये 'रोहित सिंह विरुद्ध बिहार राज्य' या प्रकरणात ही सीमा आखली. दोन भाऊ प्रतिवादी असतील आणि त्यांचे आपसांतच वाकडे असेल तर ते भांडण त्यांनी वेगळ्या दाव्यात मिटवावे.

प्रकरणात नसलेल्या तिसऱ्या माणसाकडून भरपाई हवी असेल, तर मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या अधिकारक्षेत्रासाठी संहितेत जोडलेला आदेश ८-ए कामी येतो. तो फारसा वापरला जात नाही, ही खंत वाटण्यासारखी गोष्ट आहे. मित्राच्या दुकानाच्या उधारीला तुम्ही जामीन राहिलात. घाऊक व्यापाऱ्याने मित्राला सोडून एकट्या तुमच्यावर दावा लावला, आणि कायद्याने त्याला तसे करता येते. आता हुकूमनामा झाला, पैसे भरले आणि मग मित्रावर नवा दावा लावला, असे करण्यापेक्षा न्यायालयाची परवानगी घेऊन मित्राला याच प्रकरणात त्रयस्थ पक्षाची नोटीस काढता येते. जे तुम्हाला भरावे लागेल ते त्याने तुम्हाला द्यावे, हा प्रश्न तिथेच सुटू शकतो. बरोबरीचे दोन जामीनदार असतील तर दुसऱ्याकडून त्याचा वाटा मागण्यासाठीही हीच वाट. परवानगीचा अर्ज कैफियतीच्या सुमारासच द्या. एखाद्या आवश्यक पक्षाला वादीने वगळलेच असेल तर आदेश १, नियम १० खाली त्याला सामील करून घेण्याचा अर्ज वेगळा.

दाखल झाल्यावर

प्रतिदावा दाखल झाला की भूमिका बदलतात. तेवढ्यापुरते तुम्ही वादी होता आणि सिद्ध करण्याचे ओझे तुमच्यावर येते. वादीला प्रतिदाव्यावर कैफियत द्यावी लागते. त्याने ती दिली नाही तर नियम ६-ई प्रमाणे न्यायालय प्रतिदाव्यापुरता त्याच्याविरुद्ध निकाल देऊ शकते. हे वादी म्हणून न्यायालयात गेलेल्यांनीही लक्षात ठेवावे. प्रतिदाव्याची प्रत हाती आली तर ती नुसती फाइलला लावून ठेवू नये. हा प्रतिदावा इथे चालू नये, वेगळा दावा लावायला सांगावे, असा अर्जही वादीला नियम ६-सी खाली मुद्दे निघण्यापूर्वी करता येतो.

प्रतिदावा असेल तर तुम्हालाही वादीविरुद्ध तात्पुरता मनाई हुकूम मागायला भक्कम पाया मिळतो. आणि सर्वांत मोठा फायदा नियम ६-डी मध्ये आहे : वादीने दावा काढून घेतला, तो फेटाळला गेला किंवा स्थगित झाला, तरी तुमचा प्रतिदावा चालू राहतो. तात्पुरता मनाई हुकूम मिळवायचा, वर्षानुवर्षे तो उपभोगायचा आणि पुरावा द्यायची वेळ आली की दावा काढून घ्यायचा, ही चाल करणाऱ्या वादीपुढे प्रतिदावा असलेला प्रतिवादी हतबल नसतो. पुढच्या तारखेला रोजनाम्यात प्रतिदावा चालू असल्याची नोंद झाली ना, एवढे पाहून घ्यावे.

मुद्दे निघताना तुमच्या प्रत्येक मागणीवर मुद्दा निघाला आहे का ते वकिलांकडून खात्री करून घ्या. पुराव्याच्या शपथपत्रात कैफियतीइतकीच जागा प्रतिदाव्याला द्या. गळक्या स्लॅबच्या प्रकरणात मालकाने ठेकेदाराच्या हिशेबाची चिरफाड केली पण दुरुस्ती करणाऱ्याला साक्षीला बोलावलेच नाही, तर ठेकेदाराची मागणी कापली जाईल आणि मालकाची मान्य होणार नाही. दोन्ही बाजूंचे पैसे सिद्ध झाले तर न्यायालय वजाबाकी करून ज्याचे येणे निघते त्याच्या बाजूने हुकूमनामा देते, आणि त्याची दरखास्त तुम्हीही लावू शकता. प्रकरण लोकअदालतीत मिटले तर भरलेली न्यायालय फी परत मिळते. दोघांचेही हक्काचे दावे टेबलावर असले की तडजोडीची बोलणीही खरी होतात.

कुठे हात आखडता घ्यावा, हेही सांगितले पाहिजे. रागाच्या भरात 'दावा लावून माझी बदनामी केली, पाच लाख द्यावेत' अशी मागणी घालणारे पुष्कळ असतात. तिच्यासाठी फी जाते, पुरावा सापडत नाही आणि बाकीच्या खऱ्या मागणीकडेही न्यायाधीश संशयाने पाहू लागतात. वादीचा दावा मुळातच मुदतबाह्य असेल आणि लवकर फेटाळला जाण्यासारखा असेल, तर मोठा प्रतिदावा घालून प्रकरण लांबवण्यात अर्थ नसतो. तुमच्या मागणीला वेळ शिल्लक असेल तर ती वेगळी लावा. हक्क सांगण्यासारखा आहे पण पुरावा पुढच्या काही महिन्यांत येणार आहे, अशा वेळी मुदत मोजून वेगळ्या दाव्याचा विचार करावा.

इतर न्यायपीठांतही ही सोय आहे, नियम थोडे वेगळे. घटस्फोटाच्या अर्जात प्रतिवादी पती वा पत्नीला हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३-ए खाली समोरच्याच्या व्यभिचार, क्रौर्य वा परित्यागावरून स्वतःसाठी दाद मागता येते. ती सिद्ध झाली तर मूळ अर्ज स्वतः केल्यासारखीच मिळते. कर्जवसुली न्यायाधिकरणात कर्जदार बँकेविरुद्ध प्रतिदावा करू शकतो. लवाद कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने प्रतिदावा आणि वजावट दोन्ही आले, पण लवाद कराराच्या कक्षेतच.

शेवटी अपील. प्रतिदावा फेटाळल्याचा निकाल हाही हुकूमनामाच असतो. वादीचा दावा मंजूर आणि तुमचा प्रतिदावा नामंजूर असा निकाल लागला, तर अपिलात दोन्हींना आव्हान दिल्याचे स्पष्ट लिहावे, दोन्हींची फी भरावी. एकाला आव्हान द्यायचे राहिले तर तो भाग अंतिम होतो आणि तोच प्रश्न पुन्हा काढायला पुढे तुम्हालाच आडवा येतो. जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस. सहीशिक्क्याच्या नकलेचा अर्ज निकालाच्या दिवशीच द्यावा, कारण नक्कल तयार होण्यात गेलेले दिवस मुदतीतून वगळले जातात, पण अर्ज देण्यापूर्वी वाया घालवलेले दिवस मोजले जातात.